लाईट गेली की गप बसणारं घुबड

गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी कुठल्या पट्टीचा आवाज मला किती ऐकू येतो याचा एक आलेख हातात दिला. डावीकडून निघालेली रेघ बरीच लांब सपाट चालते आणि ४००० हर्ट्झच्या पुढे घाट उतरावा तशी खाली जाते. "वयाचा भाग आहे," ते म्हणाले. "बोलणं ऐकू येतंय ना? मग झालं तर." बोलणं येत होतं. येत नव्हता तो हिरवट पर्णवटवट्या, थंडीत येणारा इवला पक्षी.

हे मला त्याआधीच कळलं होतं, कबूल करायचं नव्हतं एवढंच. हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी पुण्यातले निम्मे पक्षीवेडे कवडीपाटला मुळा-मुठेच्या काठी उभे असतात. पाणी फेसाळ, वास घेण्यासारखा नाही, पण चक्रवाक, थापट्या, धोबी यांना त्याचं काही वाटत नसावं. तिथे माझ्या निम्म्या वयाच्या एका मुलीनं बोट वर केलं. "काकू, ऐका. बाभळीत." मी ऐकलं. बाभळीत काही नव्हतं. ती आणि तिचा मित्र एकमेकांकडे बघून हसले, म्हणून मीही मान हलवली आणि वहीत पर्णवटवट्या लिहिला. तीस वर्षांच्या वह्यांमधली ती पहिली खोटी नोंद. मुद्दाम खोडलेली नाही.

उत्तरेकडून थंडीत येणारे हे इवले पक्षी दिसण्यापेक्षा आवाजानंच जास्त सापडतात, आणि त्यांचा आवाज असतो अगदी वरच्या पट्टीतला. शिंजिराची किणकिणसुद्धा तिथलीच. फडताळाचा वरचा खण रिकामा झाला तसं झालं. खालचा खण मात्र शाबूत आहे. खालच्या खणात घुबडं असतात. मोठ्या शृंगी घुबडाचा हुंकार ५०० हर्ट्झच्याही खाली. तो ऐकायला माझे कान अजून मुलीइतके तरुण आहेत.

म्हणून गेले तीन हिवाळे मी भिगवणला रोहित पक्षी बघायला जाणाऱ्या गाड्यांमध्ये बसत नाही. एसटीनं सासवडला उतरते आणि तिथून पुढे मामेभावाच्या मळ्यात. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याच्याकडे दुर्बीण नाही, पक्ष्यांचं पुस्तक नाही. त्याच्याकडे रातची लाईट आहे.

शहरातल्यांना हे सांगावं लागेल. शेतीच्या पंपाला थ्री फेज वीज काही दिवस दिवसा मिळते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की थंडी असो वा काही, माणसानं उठायचं, मोटर चालू करायची आणि दारं धरायची. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं. मधल्या वेळात बांधावर उभं राहायचं. हातात खोरं, डोक्याला कानटोपी, आणि करण्यासारखं दुसरं काहीही नाही. गव्हाला आणि कांद्याला पाणी देत दादानं असे चाळीसेक हिवाळे काढले आहेत. रात्रीचं ऐकण्याचा इतका सराव असलेला दुसरा माणूस मला माहीत नाही, आणि त्यानं त्यातली एक नोंद कधी कुठे केलेली नाही.

पहिल्या वर्षी मी त्याला पुस्तकातले आवाज वाचून दाखवले. इंग्रजी पुस्तकं आवाज अक्षरांत लिहितात आणि ती अक्षरं मी मोठ्या भक्तिभावानं उच्चारली. हू. हूहू. बू. वूहू. दादा ऐकून म्हणाला, "ही समदी एकच घुबाड हाय का गं?"

त्याचं बरोबर होतं. रोमन लिपीत सगळी घुबडं एकाच घरची वाटतात. आपल्याकडे हु आहे, हू आहे, हूं आहे, हुक् आहे, वुक् आहे. घू आहे, भू आहे. पाय मोडता येतो, अवग्रह लावून स्वर लांबवता येतो. शाळेत ऱ्हस्व-दीर्घावरून खाल्लेला मार पन्नास वर्षांनी कामी आला. घुबड या शब्दातच तो पक्षी बोलतो आहे. संस्कृतातला घूक तसाच, उलूकही तसाच. ज्यांनी ही नावं पाडली त्यांनी पक्षी पाहण्याआधी ऐकला असणार, यात मला शंका नाही.

पण लिहिण्याआधीची एक पायरी दादानं शिकवली. आवाज आधी तोंडानं काढायचा. तोंडाचा चंबू होतो का, ओठ मिटतात का, आवाज घशातून येतो की छातीतून, हे कळलं की अक्षर आपोआप सापडतं. रात्री दोन वाजता गव्हाच्या वाफ्यात दोन म्हातारी माणसं ओठ काढून घुमताहेत, हे दृश्य वहिनींनी बॅटरी मारून पाहिलं आहे. त्यावर त्या जे म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

सगळ्यात सोपा पिंगळा. तो वडाच्या ढोलीत असतो, विजेच्या खांबावर असतो, गावात असतो. 'चिर्रर्र-चिर्रर्र, चिवक्-चिवक्', असं नळावर भांडण लागावं तसं एक जोडपं सुरू होतं आणि दुसरं त्यात पडतं. आवाज वरच्या पट्टीतला असला तरी इतका कर्कश की माझ्या आलेखाचा त्याच्यापुढे टिकाव लागत नाही. माझ्या लहानपणी याच मळ्यात पहाटे दुसरा पिंगळा यायचा. कंदील घेऊन, कुडमुडं वाजवत, दारात उभा राहून भविष्य सांगणारा. त्याला पिंगळा पक्ष्याची भाषा कळते अशी समजूत होती, नाव त्यावरूनच. आता वाटतं, तो आमच्याच धंद्यातला. अंधारात ऐकलेल्या आवाजाचा अर्थ लावायचा आणि तो ठामपणे सांगायचा. त्याला त्याबद्दल शिधा मिळायचा, आम्हाला पदरचं एसटीभाडं.

खरा हिवाळा मात्र शृंगी घुबडाचा. मळ्याच्या वरच्या अंगाला ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे बंद पडलेली दगडखाण. थंडी हा त्यांचा विणीचा काळ. नोव्हेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत जोडी खाणीच्या कपारीला धरून असते आणि दिवेलागणीला नर बोलतो. दोनच अक्षरं. पहिलं आखूड, दुसरं लांब. 'बुऽ बोऽऽ'. बऱ्याच वेळानं पुन्हा तेच. दादाची कृती अशी: रिकाम्या घागरीत तोंड घाल आणि हलकेच हूं म्हण. मी स्वयंपाकघरात करून पाहिलं. तंतोतंत. पाण्यानं अर्धी भरलेली घागर चालत नाही, आवाज चढतो.

पहिल्या संध्याकाळी मी शपथेवर सांगितलं असतं की घुबड माझ्या पाठीमागे, लिंबावर, फार तर पन्नास पावलांवर आहे. ते होतं समोर, ओढ्यापलीकडे. या फसगतीची कारणं मग शोधून वाचली. थंडीच्या निरभ्र रात्री जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची हवा तिच्याहून उबदार राहते. वर निघालेला आवाज त्या उबदार थरातून वळून पुन्हा जमिनीकडे येतो. म्हणून जानेवारीत तीन गावांपलीकडचं भजन अंथरुणात ऐकू येतं. त्यात बेडूक गप, रातकिडे अर्धमेले. घुबड लांब असून जवळ वाटतं ते यामुळे. आणि दिशा चुकते ती आपल्या कानांच्या रचनेमुळे. आवाज डाव्या कानाला आधी पोचला की उजव्या, यावरून आपण डावं-उजवं चांगलं सांगतो. समोरून की मागून हे सांगायला तेवढं पुरत नाही, आणि घुमणाऱ्या खर्जात तर कानाच्या पाळीचीही मदत होत नाही. मान हलवावी लागते. दादा प्रत्येक आवाजाला बैलासारखी मान हलवतो, हे मी आधी पाहिलं होतं आणि मनात हसले होते.

गव्हाणी घुबडाला ही अडचण नाही. त्याचा एक कान वर, एक खाली. म्हणून आवाज किती उंचावरून आला हेही त्याला कळतं. कॅलिफोर्नियात मासाकाझू कोनिशी आणि एरिक नुडसन या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं की त्याच्या मेंदूत आवाजांचा चक्क नकाशा असतो. अमुक पेशी अमुक दिशेच्या आवाजालाच जागी होते. मिट्ट काळोखात, नुसत्या खसफशीवरून ते उंदीर उचलतं. आणि बोलतं काय? काही नाही. फाटका पडदा ओढल्यासारखं एकदा किंचाळतं आणि जातं. एवढे कान असणाऱ्यानं एवढं कमी बोलावं, याचा मला हेवा वाटतो.

खाणीतल्या त्या जोडीशी मी एकदा वाईट वागले आहे. दुसऱ्या वर्षी पुण्याहून दोन पाहुणे आले होते. नराचा आवाज ऐकून त्यांचं भागलं नाही, त्यांना तो दिसायला हवा होता. मला खरं तर आपण यजमान आहोत याचा मोठेपणा मिरवायचा होता. फोनवर दुसऱ्या शृंगी घुबडाचा आवाज होता, तो लावला. अर्ध्या मिनिटात डोक्यावरून काहीतरी गेलं. आवाज शून्य. पंखांच्या कडेची पिसं फणीसारखी असतात, हवा त्यात विरते, हे वाचलेलं होतं. पण चार फूट रुंदीचा अंधार आपल्या टाळूवरून जातो आणि कानाला काही लागत नाही, तेव्हा पोटात गोळा येतो. मग चोच आपटल्याचे टक्-टक्. पाहुणे खूश. त्या रात्री नर पुन्हा बोलला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. अंडी कपारीत असतील तर ऐन थंडीत मादीला किती वेळ उठून राहावं लागलं असेल, हा हिशेब मी अंथरुणात पडून केला. फोनमधले ते आवाज आता मी फक्त घरी ऐकते, खिडक्या लावून.

ठिपकेवाल्या वनघुबडाबद्दल वहिनींशी माझं पटत नाही. देवळामागच्या जुन्या चिंचेवर त्याची जोडी आहे. अंधार पडता पडता तिथून थरथरत्या गळ्यानं 'चुहुआऽऽऽर्र' असं काही येतं, वर चढतं आणि कापत खाली विरतं. माझ्या मते महाराष्ट्रातला हा सगळ्यात देखणा रात्रीचा आवाज. वहिनींच्या मते कुणीतरी जाणार. "वन्सं, त्याच्यासमोर नाव घेऊन हाक नका मारू कुणाला," त्या पदर सावरत सांगतात. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नेऊन झिजवतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, हेही त्यांच्याकडूनच ऐकलं. मी आधी वाद घातला. पुरंदरमधल्याच पिंगोरीत २०१८ मध्ये इला फाउंडेशननं घुबडांचा महोत्सव भरवला होता, शाळेतल्या पोरांनी घुबडांची चित्रं काढली, मुखवटे लावून नाचली, असं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या लक्षात आलं की या चिंचेला कधी कुणी दगड मारलेला नाही. वाद बंद केला.

आता घुबडं नसलेल्या घुबडांकडे येते. नवख्याच्या वहीत निम्मी घुबडं हीच असतात. पहाटे बांधावरून 'हूप्-हूप्-हूप्' असा भरदार आवाज ओळीनं आला, की तो कुंभारकावळा, भारद्वाज. दादाच्या भाषेत कुकुडकोंबा. फरशीवर गोटी टाकली आणि ती उड्या मारत थांबली, असं वाटलं की रातवा. 'पंपाच्या पाइपमधून येणारा' हा एक वेगळा प्रकार, त्याचं श्रेय संपूर्ण माझं.

शिंगळा पिंगळा हे छोटं कर्णघुबड आहे, ओंजळीत मावेल एवढं. ते बोलतं एकच अक्षर, प्रश्न विचारल्यासारखं. 'वुक्?' काही सेकंद थांबून पुन्हा, 'वुक्?' बस. मळ्यात ते मी कधी ऐकलं नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात सलग तीन रात्री विहिरीच्या बाजूच्या लिंबावरून स्पष्ट ऐकलं. वेळ लिहिली, अंतर लिहिलं, वाऱ्याची दिशा लिहिली. फोनमधल्या आवाज ओळखणाऱ्या ॲपनं काहीच मत दिलं नाही. मी त्याला मनात नावं ठेवली. चौथ्या दिवशी चहा पिताना दादाला वही वाचून दाखवली. तो बराच वेळ बशीत बघत राहिला.

"तायडे," शेवटी म्हणाला, "लाईट गेली की तुझं घुबाड गप बसतंय बघ."

पाइपलाइनच्या सांध्यात हवा धरत होती. मोटर चालू असली की ती थोड्या थोड्या वेळानं सुटायची. वुक्.

त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला: 'लाईट होती का?' हसू येतं, पण या रकान्यानं मला जितकं शिकवलं तितकं कुठल्या पुस्तकानं नाही. पंपाचं घुबड नेमकं तेवढ्याच अंतरानं बोलत होतं. जिवंत घुबड मोजून बोलत नाही. मधेच थांबतं, कधी घाई करतं, जागा बदलतं, उत्तराची वाट बघतं. तीन रात्री मला हे ऐकू आलं नाही, कारण मला वुक् ऐकायचंच होतं. ४००० हर्ट्झचा दोष त्यात काही नव्हता.

याच्या उलट असलेली, म्हणजे असूनही न सापडलेल्या घुबडाची गोष्ट रानपिंगळ्याची. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि १८८४ नंतर तो नाहीसाच झाला. संग्रहालयांच्या खणांत कातडी तेवढी पडून होती. मधे १९१४ च्या एका नमुन्यानं सगळ्यांना भलत्याच ठिकाणी शोधायला लावलं. तो नमुना कर्नल माइनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकानं चोरून, लेबल बदलून आपल्या नावावर खपवलेला निघाला. ते सगळं निस्तरून पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकी पक्षी अभ्यासकांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तो शोधला. ११३ वर्षांनी, आणि दिवसाउजेडी, कारण हा पिंगळा दिवसाही हिंडतो. त्याचे आवाज नीट नोंदले गेले ते त्याच्यानंतर. पुढे मेळघाटात तो आढळला आणि २०१४ मध्ये मुंबईच्या इतक्या जवळ, तानसा अभयारण्यातही. मला राहून राहून वाटतं, शहादा-तळोद्याच्या सागात राहणाऱ्यांनी या ११३ वर्षांत तो रोज ऐकला असेल आणि त्यांच्या तोंडी त्याचं अक्षरही असेल. विचारायला गेलेल्यांच्या हातात मात्र नुसतं कातडं होतं.

थंडीचा खरा पाहुणा जो, उत्तरेतून माळरानावर येणारं आखूड कानांचं घुबड, ते इथे असताना तोंडच उघडत नाही. गवतात बसून राहतं, पायाखाली आलं तर उडतं. माझ्यासारखीनं त्याचं काय करायचं? सोडून दिलं आहे.

या जानेवारीत, संक्रांत नुकतीच झाली होती, गव्हाला पाणी चालू होतं. रातची लाईट. अंजिराच्या बागेच्या कडेला शेकोटी निवत आलेली, पाटाच्या पाण्याची वाफ बॅटरीच्या उजेडात दिसत होती. अडीचच्या सुमाराला लिंबावरून आलं, 'वुक्.'

मी वही काढली नाही. दादाकडे बघितलंही नाही. पाइपचा सांधा त्यानं मागच्याच वर्षी बदलला होता, हे मला माहीत होतं. पण मोटर चालू होती, आणि त्या लिंबाशी माझं जुनं देणं आहे.

'वुक्.'

दादानं खोरं बांधाला टेकवलं आणि काही न बोलता विहिरीकडे गेला. खट्. स्टार्टर पडला. मोटरीची घरघर आधी गेली, मग पाटातली खळखळ हळूहळू बसत गेली. भरत आलेला वाफा तसाच राहिला.

"अरे, लाईट वाया जातीय," मी म्हणाले.

"गप. ऐक."

लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं आणि थांबलं. मी मान हलवली, डावीकडे, उजवीकडे, बैलासारखी. काही नाही. मग 'वुक्'. मी मनात आकडे म्हटले. चारला 'वुक्'. मग सातला. मग बराच वेळ काही नाही, आणि बारावर पोचले तेव्हा ते लिंबावरून आलंच नाही. आलं अंजिराच्या बागेतून, जरा बारीक. लिंबावरच्यानं लगेच उत्तर दिलं.

थंडीनं बोटं वळत नव्हती. पेन कसंबसं धरलं, तारीख घातली, 'लाईट होती का?' पुढे 'नाही' लिहिलं आणि अडले.

"दादा, वुक् का हुक्?"

"दोन्हीच्या मधलं काय आसंल ते लिही," तो म्हणाला, आणि मोटर चालू करायला गेला.